चौदा-पंधराचा पाना

बाबा, मागच्या रविवारी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून एका माणसाला बोलावलं होतं. त्याच्याकडचा पाना नवाकोरा, चकचकीत, पण नटावर लावून जोर दिला की सटकायचा. दोनदा सटकला, तिसऱ्यांदा त्याच्या बोटाचं साल निघालं. आई तिथंच खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. ती उठली, गॅसखालच्या ड्रॉवरमधून लाटणं आणि किसणी बाजूला सारून एक काळा, चौदा-पंधराचा पाना काढला आणि त्याच्या हातात दिला. "ह्यानं बघ रे जरा." एका झटक्यात नट सुटला. तो माणूस पाना उलटासुलटा करून बघत म्हणाला, "आजी, कुठला हा? आता असा माल येत नाय." काम झाल्यावर मी तो पुसायला हातात घेतला आणि दांड्यावर मला तीन ठिपके दिसले. पंच मारून केलेले, एका ओळीत. तुमची खूण.

तेव्हापासून रोज दुपारी ही वही घेऊन बसते आणि दोन ओळी लिहून उठते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझं वय आता तुमच्या शेवटच्या वयाच्या पुढे गेलं आहे. सांगायचं तसं थोडंच आहे. मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले, तुमच्या पान्यांवरून, आणि त्या खोट्यापायी तुमचा उजवा हात कामातून गेला. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. रविवारी आईनं ते धरणंही सोडवलं. पण मी सुरुवातीपासून सांगते. तुम्हालाही काम सुरुवातीपासूनच करायची सवय होती. मधूनच हात घातलेला तुम्हाला खपायचं नाही.

सिंधी वस्तीच्या कॅम्प तीनमधलं ते दुकान मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. दोन्ही बाजूंना शिवणयंत्रांची घरघर, मध्ये ती अरुंद बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी शेठचं हत्यारांचं दुकान. मी तुमच्या सायकलच्या कॅरियरवर बसून यायचे, अंबरनाथहून तिथवर, आणि उतरले की पायांना मुंग्या आलेल्या असायच्या. शेठकडे मोठमोठ्या कंपन्यांची हत्यारंही होती, ती काचेच्या कपाटात. ती तुम्ही बघायचासुद्धा नाही. तुम्हाला हवा असायचा दुकानाचा स्वतःचा माल, कंदील छाप. पंजाबात कुठेतरी घडवून यायचा आणि त्यावर कंदिलाचा शिक्का शेठ इथे मारून घ्यायचा. किंमत निम्मी आणि लोखंड अस्सल. शेठ त्याच्या सिंधीत म्हणायचा, "सस्तो ऐं सुठो, सांई!" स्वस्त आणि चांगला. तुम्ही कंपनीत फिटर होता, तिथली हत्यारं पंचायती, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. म्हणून तुम्हाला स्वतःची हवी होती. बोनस झाला की एक पाना. प्रत्येकाच्या दोन टोकांना दोन मापं, सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंत, असा आठांचा सेट जमायला किती दिवाळ्या गेल्या ते आई अजून बोटांवर मोजून सांगते, कारण त्यातल्या दोन दिवाळ्यांना तिची साडी राहिली होती.

आणि पाना घ्यायची तुमची दोघांची ती पद्धत! शेठ पाना हातात द्यायचाच नाही. दाराच्या चौकटीला एक खिळा होता, त्यावर दोरा. दोऱ्याला पाना टांगायचा आणि दुसऱ्या पान्यानं हळूच ठोकायचा. टण्ण आवाज निघाला आणि रेंगाळला की शेठ मान डोलवायचा, तुम्ही मान डोलवायचात, मग सौदा. एकदा एकाचा आवाज बद्द आला तर शेठनं तो स्वतःच बाजूला फेकला होता. "ये बहिरा है," म्हणाला. मला वाटायचं, पाना म्हणजे काय घंटा आहे का? घरी येऊन मी आईचा तवा दोऱ्याला टांगून ठोकला होता आणि पाठीत धपाटा खाल्ला होता. तुम्ही हसून म्हणाला होता, "तवा चांगला आहे हो, आवाज चांगला आला."

शेठचा शब्द होता की कंदील छाप पाना तुटला तर तुकडा आणा, नवा घेऊन जा. पावती नाही, चिठ्ठी नाही. तुमचा बारा-तेराचा तुटला तेव्हा मी बरोबर होते, तिसरी-चौथीत असेन. शेठनं तुकडा हातात घेऊन चष्म्यातून तुमच्याकडे बघितलं. "पाइप लगाया था क्या?" अडकलेला नट सुटेना की काही लोक पान्याच्या दांड्यात पाइप घालून जोर वाढवतात, आणि तसा जोर लावला तर पाना तुटणारच, त्यात दुकानदाराचा काय दोष. तुम्ही सहज नाही म्हणू शकला असता. तुम्ही म्हणालात, "हां शेठ, लगाया. मेरी गलती." शेठ जोरात हसला आणि आत वळून नवा पाना काढून दोऱ्याला टांगू लागला. "सच बोला, ले जा." परत येताना तुम्ही पॅडल मारत मला सांगत होता की खोटं बोलून घेतलेला पाना हातात नीट बसत नाही. मी मागून "हो बाबा" म्हणत होते. माझं लक्ष विठ्ठलवाडीच्या नाक्यावरच्या बर्फगोळ्याकडे होतं, हेही सांगून टाकते.

दसऱ्याचा दिवस आठवतो. चाळीतले बाकीचे फिटर आणि टर्नर आदल्या दिवशी हत्यारांना हळदकुंकू लावायचे, झेंडूची फुलं वाहायचे. आपल्याकडे ते नव्हतं. आपल्याला तो दीक्षेचा दिवस. पण तुम्ही त्या सकाळी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, खिडकीखाली पांढरं फडकं पसरायचात आणि आठही पाने, हातोडी, पंच, कानस, सगळं ओळीनं मांडायचात. एकेक उचलून रॉकेलनं पुसायचं, मग तेलाचा हात. फूल नाही, कुंकू नाही. शेजारचे काका दारातून म्हणायचे, "काय हो, पूजा चालली का?" तुम्ही म्हणायचात, "पूजा नाय, आंघोळ घालतोय." मला तुम्ही शेवटचा तेलाचा हात फिरवायला द्यायचात. तेव्हाच शिकवलं होतं तुम्ही मला, की पाना ओढायचा असतो, ढकलायचा नसतो. ओढताना सटकला तर हात आपल्याकडे येतो, ढकलताना सटकला तर यंत्राकडे जातो. दहा-बारा वर्षांच्या मुलीला हे कशाला सांगताय, असं आई म्हणायची. मला मात्र ते पाढ्यांसारखं पाठ झालं, आणि पुढे तेच माझ्या गळ्याशी आलं.

मग तुमची कंपनी बंद पडली. टाळं लागलं, गेटवर नोटीस, वर्षभर बसणं आणि सभा, आणि शेवटी काहीच नाही. इतरांनी वडापावच्या गाड्या टाकल्या, रिक्षा घेतल्या. तुम्ही कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, त्यात आठ कप्पे, आठ पाने, आणि सायकलवरून अंबरनाथच्या छोट्या छोट्या कारखान्यांत फिरायला लागलात. पंप अडकला, कंप्रेसर बसला, बेल्ट तुटला की लोक तुम्हाला बोलवायचे. पिशवीच आपलं घर चालवत होती. माझी कॉमर्सची फी त्या पिशवीतून गेली, टायपिंगचा क्लास त्या पिशवीतून गेला. आणि त्या टायपिंगवर मला एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली, तिथंच अंबरनाथला, पंखा, टेबल आणि टेबलावर काच. तुम्ही आईला म्हणाला होता, "पोरगी काचेवर काम करणार." तुम्ही एकदा आमच्या ऑफिसातही कामाला आला होता. त्याबद्दल शेवटी लिहीन, जमलं तर.

नोकरीच्या पहिल्या वर्षाची दिवाळी. मी ठरवलं की तुम्हाला काहीतरी द्यायचं. तुमचे पाने तोवर काळेठिक्कर झाले होते, कडा गोलावल्या होत्या, दोन पान्यांवरचा कंदील तर पुसूनच गेला होता. कॅम्प तीनमध्ये शेठच्या दुकानावर कापडी फलक लागला होता की जुना कंदील छाप द्या, वर थोडे घालून नवा सेट न्या. त्या दिवशी तुम्हाला ताप होता, तुम्ही घरी झोपून होता, पिशवी दाराआड टांगलेली. मी पिशवीतून आठही पाने काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि शेअर रिक्षानं गेले. आईलाही सांगितलं नाही. मला वाटलं, केवढी आश्चर्यात पडतील दोघं.

दुकान आता शेठचा मुलगा बघत होता. काचेची कपाटं पुढे आली होती, चौकटीवरचा खिळा गेला होता, तिथं रंग लावलेला. नवे पाने पुठ्ठ्यावर प्लास्टिकमध्ये बंद, आठच्या आठ, निकेलचं पॉलिश असं की त्यात माझं तोंड दिसत होतं. कंदील होता, पण शिक्का मारलेला नाही, छापलेला. मी एवढं सगळं बघितलं, बाबा. आवाज तेवढा ऐकला नाही. "टांगून दाखवा" म्हणायची मला लाज वाटली, आणि प्लास्टिक फोडल्याशिवाय ते झालंही नसतं. आतल्या बाजूला शेठ बसला होता, डोळ्यांनी अधू झालेला. मुलानं जुने पाने त्याच्या बाजूच्या टोपलीत टाकले तसा त्यानं हात घालून एक उचलला, दांड्यावरून अंगठा फिरवला आणि तीन ठिपक्यांवर थांबला. मुलाला सिंधीत काहीतरी बोलला. मग मला म्हणाला, "बेटी, ये तो फिटर सांई का माल है. पापा को पूछा?" मी म्हटलं, सरप्राइज आहे. शेठनं तो पाना मांडीवर ठेवला. "ठीक है. आठ दिन ये मेरे पास रखता हूँ, अलग. पापा को नया पसंद नहीं आया तो आठ दिन में बदल के ले जाना. बोलना उनको. जरूर बोलना." मुलगा कंटाळल्यासारखा हसला. मी "हां अंकल" म्हटलं आणि निघाले.

तुम्ही अंथरुणात उठून बसलात आणि मी पुठ्ठा तुमच्या मांडीवर ठेवला. आईनं हात पुसत "अगं बाई!" केलं. तुम्ही प्लास्टिक फोडून एकेक पाना काढलात. तुमच्या तोंडाकडे मी बघत होते आणि मला कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. तुम्ही सोळा-सतरा आणि अठरा-एकोणीस हातात घेऊन एकमेकांवर हळूच ठोकलेत. आवाज बद्द आला. तुम्ही दोन्ही पटकन खाली ठेवलेत, जसं काही चुकून लागले. "छान आहेत गं. लई चमकतात." मग थोड्या वेळानं, अगदी सहज विचारल्यासारखं, "जुने कुठं ठेवलेस?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं की आठ दिवस आहेत. एका वाक्याचं काम होतं. पण मला एवढं वाईट वाटलं होतं, एवढा राग आला होता, की हौसेनं आणलेली वस्तू तुम्ही ठोकून बघताय. मी म्हटलं, "ते काय आता मिळणारेत? त्यांनी तिथल्या तिथं भंगारवाल्याला वजनावर घातले. वितळलेसुद्धा असतील." तुम्ही "बरं" म्हणालात. आईनं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पिशवी मागवून घेतलीत आणि आठ नवे पाने आठ कप्प्यांत एकेक करून घातलेत. नवे दांडे जरा रुंद होते, कप्प्यांत बसायला त्रास देत होते. तरी बसवलेत.

ते आठ दिवस मी मोजले. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, पण रोज मोजले. रोज सकाळी वाटायचं की आज सांगू, आणि रोज वाटायचं की सांगितलं तर खोटं बोलले हेही सांगावं लागेल. नवव्या दिवशी मला चक्क मोकळं वाटलं, आता उपायच नाही म्हणून. माणूस स्वतःला किती सोयीनं माफ करतो बघा.

पौष संपत आला असेल. तुम्ही एका कारखान्यात पंपाचा गंजलेला नट सोडवत होता. मला ऑफिसात निरोप आला आणि मी सरकारी दवाखान्यात पोचले तोवर तुमच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बांधलं होतं. पहिली दोन बोटं आणि तळवा. आतल्या शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी शिवलं, पण म्हणाले, मूठ वळणार नाही. मी रडत होते आणि तुम्ही माझीच समजूत काढत होता. "माझंच चुकलं गं. घाई केली. पाना ढकलला मी." बाबा, तुम्ही? पाना ढकलला? जन्मात कधी? मी तुमच्याकडे बघत राहिले आणि तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "पाना चांगला होता."

घरी येऊन मी पिशवी उघडली. सोळा-सतराच्या पान्याचं सतराच्या बाजूचं तोंड अर्धं तुटून गेलेलं होतं. तुटल्या जागी आतलं लोखंड राखाडी, भुसभुशीत, जुन्या खडीसाखरेसारखं दाणेदार दिसत होतं. तुम्ही नेहमीसारखा ओढलाच होता. पाना तुटला आणि ओढलेला हात मागच्या पत्र्यावर गेला. पत्र्याची कड तर तिथं सगळीकडेच असते, पण आधीच्या पान्यांनी तुमचा हात कधी तिथवर जाऊ दिला नव्हता. मी तो तुकडा घेऊन दुसऱ्या दिवशी कॅम्प तीनला गेले. भांडायचं ठरवून गेले होते. शेठ तोवर वारला होता. मुलानं तुकडा बघितला, काही विचारलं नाही, मागून प्लास्टिकमधला नवा सोळा-सतरा काढून माझ्यासमोर ठेवला. "टूटा तो नया. अपना जबान है." वचन तसंच पाळत होता हो तो, वडिलांसारखंच. लोखंड तेवढं बदललं होतं. मी जुन्या पान्यांचं विचारलं तर म्हणाला, वो तो कब के गए. येताना वालधुनीच्या पुलावर रिक्षा थांबवून मी तो नवा पाना खाली पाण्यात टाकला. रिक्षावाला म्हणाला, "ताई, काय फेकलं?" मी म्हटलं, "काय नाय."

नंतरचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बदलापूरला एका सोसायटीत वॉचमन झालात. डाव्या हातानं जेवायला शिकलात, डाव्या हातानं सही करायला शिकलात, आणि उजवा हात कायम खिशात. सोसायटीतली पोरं सायकलची चेन पडली की तुमच्याकडे यायची आणि तुम्ही त्यांना तोंडानं सांगायचात, असं धर, तसं फिरव, ओढ, ढकलू नको. माझ्या लग्नात जावयाला आहेराचं ताट देताना तुम्ही ते डाव्या हातावर तोललंत आणि उजवा नुसता टेकवलात. कुणीतरी पुटपुटलं की डाव्या हातानं देतात का. मी ऐकलं. पुढे दोन-तीन वर्षांत तुम्ही गेलात, आणि शेवटच्या आजारपणातही मी तुमचा तोच हात धरून बसायचे आणि सांगायचं राहूनच जायचं.

आता रविवारचं. नळवाला गेल्यावर मी आईसमोर तो पाना धरला. "आई, हा कुठून आला? हे तर मी देऊन आले होते. आठच्या आठ." आई मेथीची जुडी खाली ठेवत म्हणाली, "हा? हा त्यांनी आणला होता. तू दिल्यावर पाचव्या का सहाव्या दिवशी गेले होते ना कॅम्पात." ती इतक्या साधेपणानं बोलत होती की मला आधी समजलंच नाही. तुम्ही ताप उतरल्यावर सायकल काढून शेठकडे गेला होता, जुन्यापैकी एखाददुसरा कुठं सापडतो का विचारायला. आणि शेठनं आठही पाने तुमच्यापुढे ठेवले होते, वेगळे, फडक्यात बांधून. म्हणाला, तुमच्या मुलीला मी सांगितलं होतं, आठ दिवस. घेऊन जा.

"मग आणले का नाहीत?" मी ओरडलेच आईवर. ती म्हणाली, "मी पण हेच विचारलं. तर म्हणाले, पोरगी खोटं बोललीय. सगळे आणले तर तिला कळेल की मला कळलं. पहिल्या कमाईचं आणलंय तिनं, एवढ्याशासाठी तिची मान खाली घालायला लावू का? मग हा एकच आणला. हात त्याच्यावर बसलेला, म्हणाले. मला सांगितलं, तिला दिसू देऊ नको. तांदळाच्या डब्यामागं होता तुझं लगीन होईस्तोवर." मग आई पदरानं डोळे पुसून म्हणाली, "एकच आणायचा होता तर सतराचा आणायचा होता ना. मी तेव्हापासून हेच म्हणते. सतराचा का नाही आणला?"

बाबा, आई दहा वर्षं माझ्याकडे आहे, इथं मांजर्लीत. तो पाना दहा वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होता. लाटणं काढताना माझा हात त्याला कितीदा लागला असेल! तुम्ही शेठच्या दुकानात त्या आठ पान्यांपुढे बसलेले मला आता सारखे दिसता. तुम्ही चौदा-पंधरा उचलता, बाकीचे सात परत फडक्यात बांधून देता. रोजीरोटी परत बांधून देता, का, तर मला मान खाली घालावी लागू नये म्हणून. तुम्ही मला एक थोबाडीत द्यायला हवी होती. शपथ, ती मी आज आनंदानं खाल्ली असती. तुम्ही चांगुलपणा केलात आणि तो मला आता कुठं ठेवावा कळत नाही.

ही वही मी कपाटात साड्यांखाली ठेवणार आहे. मुलांना दाखवणार नाही. त्यांना आजोबांचा हात मशिनीत गेला एवढंच माहीत आहे. तो पाना मी दसऱ्याला बाहेर काढीन, रॉकेल आता मिळत नाही, पण तेलाचा हात फिरवीन. एवढं लिहून थांबणार होते. पण ऑफिसचं राहिलं.

ते दिवाळीच्या चारच दिवस आधीचं. आमच्या ऑफिसच्या मागचा कंप्रेसर बंद पडला आणि मालकानं कुणाला तरी बोलावलं, ते तुम्ही निघालात. मागच्या दारानं जायला वाट नव्हती म्हणून तुम्ही पुढून आलात. आमच्या पांढऱ्या लादीवर पिशवी उघडून ते काळे पाने ओळीनं मांडलेत, तुमच्या सवयीनं. अकाउंटंट नाक वर करून म्हणाला, "अहो, हे भंगार बाहेर मांडा की." सगळ्या मुली हसल्या. मीही हसले. तुम्ही मान वर केलीत, माझ्याकडे बघितलंत, सगळं गोळा केलंत. अंगात तुमच्या ताप होता, ओठ सुकले होते. जाताना माझ्या टेबलापाशी थांबून तुम्ही म्हणालात, "मॅडम, जरा पाणी मिळेल का?" मी उठून पाणी आणून दिलं. तुम्ही उभ्यानं प्यालात, ग्लास माझ्या टेबलाच्या काचेवर न ठेवता खाली लादीवर ठेवलात आणि गेलात. ते पाने मला बदलायचे होते ते त्या दिवसामुळे, बाबा. दिवाळी नंतर आठवली. आणि तुम्ही मला मॅडम म्हणालात तेव्हा मला हायसं वाटलं होतं.